इंदे, माझंही नाक तपासलं

इंदे, आज सकाळी मी माझ्याच नाकात कापसाची काडी फिरवली. आधी डाव्या, मग उजव्या नाकपुडीत, पाच-पाच वळसे. तू वॉर्डातल्या बायांना द्यायचीस तशी ताकीद स्वतःलाच देत होते: हलू नको व, नाक हाय, सोनं नाही निघून राह्यलं त्यातून. तरी शिंक आलीच. मग ती काडी जंतू वाढवायच्या गुलाबी प्लेटवर ओढली, झाकण लावलं, आणि प्लेटच्या बुडाला नंबर टाकायच्या वेळी हात थांबला. बावीस वर्षांत हजारो प्लेटांवर नंबर टाकले असतील. हिच्यावर 'सुजाता' लिहिलं आणि इनक्युबेटरमध्ये ठेवली. तेव्हापासून दर तासाला दार उघडून बघतेय, भात शिजला का बघावं तशी. उद्या सकाळपर्यंत तिथे काही दिसणार नाही, हे मला चांगलं माहीत आहे. तरी बघतेय.

तू गेलीस त्याला आज बारा दिवस झाले. दवाखान्याच्या फाटकाशी तुझा फोटो लावलाय आणि खाली 'हसतमुख परिचारिका' असं लिहिलंय. हसतमुख! जिनं मोठमोठ्या डॉक्टरांना ड्रेसिंगरूमच्या बाहेर चपला काढायला लावल्या, जिचा आवाज आला की पेशंटच्या खाटेवर बसलेले नातेवाईक टुणकन उठायचे, ती हसतमुख. त्या बोर्डाजवळून जाताना मला राग येतो. सध्या सगळ्यांचाच येतोय, तुझाही येतो. बसून रडावं म्हटलं तर तेही होत नाही. उठते, पिपेट हातात घेते, परत ठेवते. लॅबच्या मॅडम दोनदा म्हणाल्या, 'सुजाता, घरी जा, चार दिवस सुट्टी घे.' घरी जाऊन काय करू? प्लेट इथे आहे.

आपली ओळखच मुळात पुवावरून झाली, आठवतं? यवतमाळच्या ह्या ट्रस्टच्या दवाखान्यात दोघीही नव्यानं लागलेल्या, तू सर्जिकल वॉर्डात सिस्टर, मी लॅबमध्ये टेक्निशियन. कुणाच्या तरी जखमेतला पू काडीवर घेऊन तू लॅबच्या खिडकीत आलीस. मी चष्म्यातून बघून म्हटलं, 'नमुना अपुरा आहे. कृपया पुन्हा आणावा.' तू खिडकीतून अर्धी आत वाकलीस. 'बाप्पा! पेशंट का पुवाची टाकी हाय का व? आन् हे कृपया-बिरपया कुठून शिकली? तू पुन्याची का?' मी नेरची, म्हटलं. 'मंग नेरच्यासारखी बोल नं.' आणि तू दुसरा नमुना आणलास. तेव्हापासून तुझं ठरलेलं होतं: सुजी रागावली की पुस्तक होते. आत्ताही बघ, लिहायला बसले तर पुस्तकच होतंय.

लॅबच्या मागच्या खोलीत दुपारी एकच्या ठोक्याला आपला डबा उघडायचा. तुझी ती ज्वारीची जाड भाकरी, जिला तू तांड्यावरच्या बोलीत बाटी म्हणायचीस, आणि वर तुझ्या आईच्या हातचा ठेचा. याडीचा ठेचा खाल्ला की माझ्या नाकाला धार लागायची आणि तू खदखदून हसायचीस. माझ्या डब्यात अंबाडीची भाजी असली की माझ्या वाट्याला काही उरायचं नाही. नवऱ्याकडून तू कायमची परत आलीस, पुसदजवळच्या तांड्यावरून याडीला घेऊन क्वार्टरमध्ये राहायला लागलीस, त्या दिवशीसुद्धा डबा एकच्या ठोक्यालाच उघडला होता. तू एवढंच म्हणालीस, 'झालं व थे. भाजी दे.' मी दिली. आणखी काही विचारायचं असतं हे मला तेव्हा सुचलंच नाही.

तुझा हात हलका होता. हे मी म्हणत नाही, वॉर्ड म्हणायचा. चिकटलेली पट्टी तू अशी काढायचीस की पेशंट गप्पा मारत राहायचा आणि मधेच विचारायचा, 'सिस्टर, कवा काढता?' काढून झालेली असायची. म्हाताऱ्या बाया दुसऱ्या कुणाला पायाला हात लावू द्यायच्या नाहीत, 'इंदूसिस्टर येऊ दे' म्हणून अडून बसायच्या. तुला त्याचा केवढा तोरा होता! वर वर म्हणायचीस, 'आपलं कामच हाय थे,' पण ड्रेसिंगच्या ट्रॉलीला दुसऱ्या कुणी हात लावला की तुझं डोकं फिरायचं. मला त्याचा हेवा वाटायचा. लॅबमध्ये माणसं नसतात, काचा असतात. आमचं नाव कुणी घेत नाही. रिपोर्ट चुकला तरच घेतात. आणि तू येता-जाता टोमणा मारायचीसच, 'तुमचं बरं हाय व, काचेमागं बसाचं. तुमच्या जंतूले बोंबलता नाही येत.' मी हसायचे. लागायचं, इंदे. थोडं लागायचं.

मग मॅडमनी ते काम काढलं. वॉर्डात एकच जंतू पुन्हा पुन्हा सापडत होता, स्टॅफिलोकोकस, तोही औषधांना न जुमानणारा. मॅडम म्हणाल्या, पेशंटच्या जखमांतला जंतू पाहू आणि धडधाकट माणसांच्या नाकातलाही पाहू. काही जणांच्या नाकात हा जंतू भाड्यानं राहिल्यासारखा राहतो, त्यांना स्वतःला काहीच होत नाही. त्यांना आम्ही कॅरियर म्हणतो. मॅडमना दोन गोष्टी बघायच्या होत्या. एक, कोणकोणत्या औषधांना तो दाद देत नाही. दुसरी, बुळबुळीत थर बांधायची जनुकं त्याच्यात आहेत का. ती जनुकं बघायला नमुने नागपूरला जाणार होते. सगळ्यांना फक्त नंबर, नावं मॅडमच्या कुलपातल्या वहीत. नाव फुटायला नको म्हणूनच एवढी काळजी. पण वॉर्डातल्या सिस्टर लोकांची नाकं कोण पुसत होतं? मी. तुझ्या नाकात काडी घातली तेव्हा तू 'अव माय, मेंदूपर्यंत जाते का?' म्हणून ओरडलीस, आणि हसता हसता मी तुझ्या नळीवर एकेचाळीस नंबर चिकटवला. तो नंबर मी विसरणार कशी?

मग एक दिवस एकेचाळीस नंबरची प्लेट वाचायला घेतली. प्लेटवर औषधाच्या छोट्या चकत्या ठेवतो आपण. औषध चाललं तर चकतीभोवती गोल मोकळं अंगण दिसतं, नाही चाललं तर जंतू थेट चकतीला भिडतो. तुझा जंतू चार चकत्यांना भिडला होता. आणि तशीच्या तशी प्लेट तुझ्या वॉर्डातल्या तीन पेशंटची होती. मी स्केल लावून दोनदा मोजलं. मग हातमोजे काढले, जिना चढले आणि थेट मोठ्या सिस्टरच्या खोलीत गेले. म्हटलं, 'एक सांगायचं आहे, पण गुपचूप. इंदूला थोडे दिवस ड्रेसिंगवरून काढा, नाकात लावायचं मलम द्या.' मॅडमना नाही विचारलं. तुला नाही सांगितलं. जाताना वाटेत तुझा वॉर्ड लागला होता, तू दारातच उभी होतीस, मला हात केलास. मीही केला.

त्याच संध्याकाळी तुझ्याकडून ट्रॉली काढून घेतली. दुसऱ्या दिवशी सगळ्या दवाखान्याला ठाऊक. कुणी तुझा कप वेगळा ठेवला, कुणी तू आलीस की ओढणी नाकाशी धरली. दीड महिना तुला चादरी मोजायला बसवलं. तू मलम लावलंस, तीनदा तपासून घेतलंस, तिन्ही वेळा नाक साफ निघालं. ते तिन्ही रिपोर्ट मीच लिहिले. तरी ड्रेसिंगरूम परत मिळाली नाही, 'बघू पुढे' म्हणाले. म्हातारे पेशंट विचारत राहिले, इंदूसिस्टर कुठी गेल्या? कुणीतरी हसून सांगायचं, 'त्याइच्या नाकात हाय न काहीतरी.'

तू मला वाफेनं जंतू मारायच्या ऑटोक्लेव्हच्या खोलीशी गाठलंस. यंत्राची वाफ सुटत होती, तुला ओरडून बोलावं लागत होतं. का ओरडायचंच होतं तुला, कोण जाणे.

'पहिले मले काहून नाही सांगितलं?'

'मला वाटलं गुपचूप होईल.'

'गुपचूप? दवाखान्यात? अव, इथं कोनी शिंकलं तं कॅन्टीनवाल्याले पहिले समजते!'

'इंदे, पेशंटचा प्रश्न होता.'

'हव, पेशंटचाच होता. म्हनून मले सांगाचं होतं. मी सोताहून ट्रॉली सोडली असती. का तुले वाटलं मी नसती सोडली? बोल नं. बावीस वर्सांत एवढीच वळखली का मले?'

 मग तू आवाज खाली आणलास.

'आन् तुहं नाक? तुहं कोनं तपासलं?'

'लॅबवाले यादीत नव्हते.'

'काहून नव्हते?'

'आम्ही पेशंटला हात लावत नाही.'

'मले तं लावते न. रोज एका डब्यात जेवते.' आणि तू गेलीस.

त्यानंतर आठ महिने आपण बोललो नाही. एकच्या ठोक्याला मी मागच्या खोलीत एकटी बसायचे. एकदा तुझी वाट बघून डबा तसाच घरी नेला. सॉरी म्हणायला तीनदा वॉर्डाच्या दारापर्यंत आले होते, हे तुला माहीत नाही. तिन्ही वेळा तू चादरी मोजत होतीस, आणि ते बघून मी परत फिरले.

आणि ह्या आठ महिन्यांत तू काय केलंस? नेरला माझ्या आईकडे जात राहिलीस! तिच्या पायाची शुगरची जखम पंधरा दिवसांतून एकदा धुवून द्यायचीस, पूर्वीसारखीच, आणि वर दम द्यायचीस, 'सुजीले सांगाचं नाही हं आई, नाही तं येनं बंद.' माझी आई, जिच्या पोटात तीळ भिजत नाही, तिनं हे आठ महिने पोटात ठेवलं. नेरहूनच परत येताना तुझी स्कूटी घसरली आणि घोट्याच्या वरचं हाड मोडलं. पायात धातूची पट्टी आणि स्क्रू बसवले, तेव्हा कुठे आई फोनवर रडत सगळं बोलली. मी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर आले, पण आत तुझ्याजवळ यायचं धाडस झालं नाही. काय तोंड घेऊन येणार होते?

ऑपरेशनला दहा दिवस झाले आणि रविवारी तुझा फोन आला. आठ महिन्यांनी पहिला शब्द. 'याडीनं पानी सांडलं, पट्टी भिजली. ये.' म्हटलं, वॉर्डातून कुणी सिस्टर पाठवू का? 'त्याइले माह्या अंगाले हात नाही लावू देत मी. तू ये. मी सांगतो तसं कर.' आणि फोन ठेवलास.

तो रविवार, इंदे. बारा दिवस मी त्याच एका रविवारात फिरतेय. तू खाटेवर, पाय उशीवर, याडी चुलीशी. तू हुकूम सोडत होतीस आणि मी करत होते. हात धू, धुतले. हातमोजे घाल, घातले. मास्क तुझ्याकडे संपलेले आणि मी आणला नव्हता. पट्टी कापली, टाके दिसले, स्वच्छ, कोरडे, एकाही टाक्याला लाली नाही. तू वाकून बघितलंस आणि म्हणालीस, 'बेस हाय. डॉक्टरले जमलं.' मग एकदम विचारलंस, 'आईचा पाय कसा हाय?' तिथे माझा बांध फुटला. डोळे, नाक, सगळं वाहायला लागलं. तू म्हणालीस, 'नाक पूस पहिले, बह्याड, टाक्यावर पडन.' मी खांद्यानं पुसलं. तू मान वळवून याडीला चहा टाक म्हणून सांगत होतीस, आणि तेवढ्यात नाक पुन्हा आलं, आणि मी ते हातमोजा घातलेल्या हाताच्या पाठीनं पुसलं. तू बघितलं नाहीस. खुर्चीवर हातमोज्यांची दुसरी जोडी पडली होती. बदलायची होती. पण बदलली असती तर तू विचारलं असतंस, काहून बदलली? आणि बावीस वर्षं लॅबमध्ये घालवलेल्या बाईनं तुझ्यासमोर काय उत्तर द्यायचं? मनात म्हटलं, हाताची पाठ तर होती, बोटं थोडीच लागली. त्याच हातानं गॉज उचललं आणि टाक्यांवर ठेवलं.

चहा प्यालो. तू म्हणालीस, 'पट्टी साधारनच केली, पन चालते.' मी घरी जाताना रस्त्यानं गाणं गुणगुणत गेले. आठ महिन्यांनी मला भूक लागली होती.

नवव्या दिवशी तुझ्या पायातला पू खिडकीतून लॅबमध्ये आला.

माझ्या प्लेटचा दुसरा दिवस. सकाळी साडेसातला कुलूप उघडलं. गुलाबी प्लेट पिवळी झालीय, इंदे. माझ्या नावाच्या अक्षरांमागे सगळीकडे पिवळे ठिपके. ह्याचा अर्थ नाकात स्टॅफिलोकोकस आहे एवढाच. तो पुष्कळांच्या नाकात असतो, साधाही असतो. सशाच्या रक्तातलं पाणी घालून बघितलं, गोठलं, म्हणजे स्टॅफिलोकोकस नक्की. आता चकत्या लावल्या आहेत, थर बघायला एक नळीही लावली आहे. उद्या कळेल. मॅडम मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी नाव वाचलं आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या. मी त्यांना रविवारचं सांगितलं नाही.

तुझा पू प्लेटवर मीच लावला होता. चार चकत्यांना भिडलेला, ओळखीचा नमुना. तीन औषधांना मात्र भोवती छान मोकळं अंगण. मी रिपोर्टवर ठळक लिहिलं, सेन्सिटिव्ह, सेन्सिटिव्ह, सेन्सिटिव्ह, आणि तुला भरती केलं होतं त्या वॉर्डात धावत वर आणून दिला. औषध सुरू झालं, ताप उतरला, तू भाकरी मागितलीस. चार दिवसांनी ताप परत. पुन्हा उतरला, पुन्हा आला. तू मला जवळ बोलावलंस. 'तुह्या काचेत मरते न हा? मंग माह्या पायात काहून नाही मरून राह्यला?'

दुसऱ्या दिवशी मी तुला ती नळी आणून दाखवली. तुझाच जंतू रात्रभर वाढवून, नळी धुवून, जांभळा रंग घालून पुन्हा धुतलेली. धुतल्यावर नळी कोरी व्हायला हवी होती. तुझ्या नळीच्या आतून गच्च जांभळा थर बसला होता. मी सांगितलं, 'रांजण आतून घासला नाही की हाताला बुळबुळीत लागतं ना, तसा हा पायातल्या पट्टीवर थर बांधून बसतो. वरचे मरतात, आतले जगतात. औषध आतपर्यंत नीट पोचत नाही.' तू नळी उजेडात धरून बराच वेळ फिरवलीस. 'रंग भल्ला सुंदर हाय व. याडीच्या घागऱ्याले पाह्यजे होता.' मी हसले आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. हाड जुळायचं होतं म्हणून धातूची पट्टी काढता येत नव्हती, पट्टी होती म्हणून जंतू जात नव्हता. डॉक्टरांचीही चूक म्हणता येत नाही. शेवटी काढली तोवर तो रक्तात उतरला होता.

तू शुद्धीत होतीस त्या शेवटच्या दुपारी पुन्हा विचारलंस. आवाज नव्हता, मी कान खाली आणला. 'काहून नाही सांगितलं व पहिले?' मी म्हटलं, 'तुझ्या रागाला भ्याले.' 'एवढंच?' 'हव. एवढंच.' तू डोळे मिटलेस. पटलं होतं की थकली होतीस, मला नाही माहीत.

एवढंच नव्हतं. जिना चढताना मला बरं वाटत होतं, इंदे. काळजी होती, खरीच होती, पण तिच्याखाली कुठेतरी बारीकसं बरं वाटत होतं. सगळा वॉर्ड ज्या हाताचं नाव घेतो, त्या बाईचं नाक माझ्या काचेनं पकडलं, असं. तुला आधी सांगितलं असतं तर तू हसत ट्रॉली सोडली असतीस आणि त्यातही तुझंच नाव झालं असतं. हे मी तेव्हा स्वतःलाही कळू दिलं नाही. तुझ्याशी खोटं बोलले, तेही तू मरत असताना.

आणि याडी! तुला नेलं त्या दिवशी सगळ्या तांड्यासमोर तिनं मला मिठी मारली आणि म्हणाली, 'माह्या छोरीनं एकट्या तुह्या हातानं पट्टी करून घेतली. बाकी कोनाले हात नाही लावू देल्ला.' चार बायांनी माझ्याकडे मायेनं बघितलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

प्लेटचा तिसरा दिवस. मी सकाळी आधी चहा घेतला, मग टेबल पुसलं, मग कालचे सगळे रिपोर्ट लिहिले. मॅडमच म्हणाल्या, 'काढ आता.' काढली. स्केल लावायची गरजच नव्हती. त्याच चार चकत्यांना भिडलाय, त्याच तीन चकत्यांभोवती अंगण. नळी धुतली, रंग घातला, धुतली. पुन्हा धुतली. मॅडमनी हातातून काढून घेतली. गच्च जांभळी.

मग मी मॅडमना रविवार सांगितला. सगळा, हाताच्या पाठीसकट. त्यांनी नळी स्टँडवर ठेवली. म्हणाल्या, 'तुझ्याकडून तिला गेलं, की कधीकाळी तिच्याकडून तुला आलं, की दोघींना वॉर्डातून मिळालं, हे ही प्लेट सांगणार नाही. तुम्ही बावीस वर्षं एका डब्यात जेवलात.' मी म्हटलं, 'नागपूरला पाठवा. जनुकं जुळवून बघा.' त्या म्हणाल्या, 'पाठवते. पण जुळली तरी एवढंच कळेल की तो एकच आहे. कुठून कुठे गेला ते नाही कळणार.' मी ओरडले त्यांच्यावर. एवढी यंत्रं, एवढ्या काचा, आणि एवढं साधं सांगता येत नाही? तुझ्या पायातला जंतू आमच्या फ्रीझरमध्ये नळीत ठेवलाय, उणे सत्तर अंशांत, जिवंत. तू नाहीस आणि तो आहे. मला ती नळी फोडावीशी वाटते, पण तीच नागपूरला पाठवायची आहे. मॅडमनी मलमाची ट्यूब माझ्या हातात ठेवली. 'पाच दिवस, दोन वेळा.' मला मेलीला ते पाठ आहे.

त्यांना मी हेही विचारलं की रविवारचं कुणाला सांगावं का. त्या म्हणाल्या, 'सिद्ध होत नाही, सुजाता. कशाला सांगतेस?' बरोबर आहे त्यांचं. सिद्ध तर तुझंही झालं नव्हतं. त्या तीन पेशंटना तुझ्याकडूनच गेलं असं कुणी दाखवलं होतं? तरी दीड महिना चादरी तू मोजल्यास.

जिना अर्धा चढून परत आले आत्ता. मोठ्या सिस्टरकडे निघाले होते. मधेच पाय अडले, म्हटलं, पुन्हा तेच करून राह्यली का मी? म्हणून बसून हे सगळं लिहून राह्यली.

इंदे, पहिले तुले सांगतो. माह्या नाकात थोच हाय. रविवारी माहं नाक माह्या हाताले लागलं आन् थो हात तुह्या टाक्याले लागला. दुसरी जोडी समोर होती, मी घातली नाही. आन् तुहं नाव वर सांगाले गेलती तवा मले बरं वाटलं होतं. मले माफ कर असं म्हनाची हिंमत नाही. पन हे आता कोनाच्या तोंडून तुले नाही समजलं, माह्याच तोंडून समजलं.

आता उठतो. मोठ्या सिस्टरले नावानिशी सांगतो, नंबर-बिंबर काही नाही. मंग दोनची पुसदची गाडी हाय. याडी आता तांड्यावरच राह्यते, तिले तिथं जाऊन सांगतो, डोये वर करून. तिनं शिव्या देल्ल्या तं खाईन. दारातून हाकललं तं दारात बशीन, थेही जमन मले. पन तिनं सगळं आयकून घेतलं, आन् हात धरून जेवाले बसवलं, तं मी काय करू व, इंदे?